बापू, तुझी शिवराई पुठ्ठ्यात बसवली

बापू,

तुझं तेरावं होऊन सहा दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि परवा शाळेतून हेडमास्तर आले. म्हणाले, वार्षिक अंकात गुरुजींवर दोन पानं पाहिजेत, तुम्ही लिहा. मी म्हटलं, मी काय लिहिणार, शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, तुझ्या जुन्या अंकलिप्या चाळून चाळून जे आलं ते आलं. तर म्हणाले, म्हणूनच लिहा. तुझा जन्म, तुझी नोकरी, तुझ्या बदल्या, ते सगळं ते स्वतः लिहिणार आहेत. ते बरं झालं. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि बोलायचं राहिलंय ते एकाच गोष्टीचं. तुझ्या शिक्क्यांचं. शाळेतल्या पोरांनी ते वाचलं तरी चालेल. उलट त्यांनी वाचावंच.

ओसरीवर बसले आहे. पुढ्यात तुझ्या धोतराच्या फडक्यावर शिक्के बसवलेले पुठ्ठे आहेत, तुझी वही आहे, कात्री आहे, सुई-दोरा आहे. भावजय सुमन आत निजली आहे. तुझ्या मागं ती दुपारची निजायला लागली आहे. रात्रीची झोप तिला लागत नाही.

तुला हा नाद लागला तो आपल्या बाबांमुळं. अमडापूरची आपली मिरची-वांगी घेऊन ते सरहद्दीपलीकडच्या बाजारांना जायचे. तिकडं तेव्हा निजामाचं राज्य. बाबांच्या कमरेला दोन थैल्या असायच्या, एकीत इंग्रजाचा कलदार रुपया, दुसरीत निजामाचा हाली रुपया. बाजारातून आले की थैल्या तुझ्यापुढं ओतायचे, आणि तू चारमिनारवाले एकीकडं, राजाच्या तोंडाचे एकीकडं असे लावत बसायचास. मी तिकडं भाकऱ्या थापता थापता पाहायची. मग एकदा मिरचीचे वाफे करताना बाबांच्या कुदळीला ती शिवराई लागली. जाड, वेडीवाकडी, काळपट हिरवी. एका बाजूनं श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूनं छत्रपति. त्या दिवसापासून ती तुझ्याजवळ. मी लग्न होऊन वडनेरला आले तेव्हा तू रडलास, आणि निघताना मला ती शिवराई हातात धरायला दिलीस. द्यायला नाही, धरायला. गाडी जुंपली तशी परत मागून घेतलीस. यावरून मी तुला आयुष्यभर चिडवलं.

पुढं तू मास्तर झालास आणि माझ्याच गावात बदली मागून आलास. माझे मालक गेले होते, मुलं लहान होती. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण तू माझ्यासाठी आलास, हे मला ठाऊक होतं. तुझ्याच घरात, तुझ्या वर्गाच्या अंकलिप्या घेऊन मी अक्षरं गिरवायला लागले. मी काही लिहिलं की तू तांबडी पेन्सिल घेऊन त्यावर खुणा करायचास. मी रागवायची. म्हणायची, मी काय तुझ्या वर्गातली पोरगी आहे का. तू म्हणायचास, वर्गातली असती तर कोंबडा केला असता.

नये पैसे आले आणि जुने शिक्के चालेनासे होऊ लागले, तसा तू पिसाटच झालास. ज्याच्या त्याच्या घरात विचारत फिरायचास. पोरांच्या करदोड्यातले भोकाचे पैसे, आयाबायांच्या गाठोड्यातले आणे, देव्हाऱ्यातले तांब्याचे ढब्बू पैसे. सगळं काड्यापेट्यांत. मग ते वर्गात न्यायचास आणि पोरांना डोळे मिटायला सांगायचास. शिक्का हातोहात फिरवायचा आणि बोटानं वाचायचा. "काय लागते सांगा." पोरं सांगायची, श्री लागते गुरुजी, रा लागते. एका पोरीच्या हातात झिजलेला इंग्रज राजा गेला, तर तिनं विचारलं, "गुरुजी, या राजाले देवी आलत्या काय?" तू घरी येऊन ते सांगताना हसता हसता खोकायला लागलास. तो खोकला मला तेव्हाच खटकायला पाहिजे होता.

पाय सुजायला लागल्यावर तू आल्बमचं काढलंस. मी विचारलं, कायला पाहिजे, काड्यापेट्या काय वाईट आहेत. तू म्हणालास, "मी वर्गात नसलो तं शिक्के कोन फिरवीन? पोरायनं आपल्या हातानं पानं उलटून पाह्यले पाह्यजेत. पुढूनबी अन् मांगूनबी." मी वर्गात नसलो तर. हे तू किती सहज म्हणालास, आणि मीही किती सहज ऐकलं.

आपण नांदुऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो, तो दिवस मला घडी घडी आठवतो. दुकानदारानं आधी फोटोचा आल्बम दाखवला, काळ्या पानांचा. तू म्हणालास, याला शिक्का चिकटवावा लागेल, मागची बाजू कायमची गेली. मग त्यानं मखमल लावलेली काचेची पेटी काढली, सोनाराकडं असते तशी. तिच्यातही एकच तोंड दिसत होतं. शेवटी त्यानं तो लाल आल्बम काढला. प्लास्टिकची पानं, पानापानाला आरपार दिसणारे कप्पे. मुंबईचा नवा माल आहे गुरुजी, पाण्यात पडला तरी काही होत नाही, असं म्हणाला. माझे तर डोळेच दिपले. दोन्ही बाजू दिसत होत्या, धूळ जाणार नव्हती, पोरांचे घामट हात लागणार नव्हते. तू मात्र पान नाकाला लावलंस.

"अक्का, याले घासलेटासारखा वास येऊन राह्यला."

"तुले त्याच्यात शिक्के ठेवाचे आहेत का नाक ठेवाचं आहे?" मी म्हटलं. दुकानदार हसला. तूही हसलास. तिथंच तू हरलास.

परतताना गाडीत तू मला तुझ्या मनातला आल्बम सांगत होतास. जाड पुठ्ठा घ्यायचा, शिक्क्याच्या मापाची गोल खिडकी कापायची, शिक्का तिच्यात बसवायचा आणि दोन्ही अंगांनी जिलेटिनचा आरपार दिसणारा कागद लावून कडेनं शिवून टाकायचं. मी म्हटलं, म्हणजे शिक्क्यांची गोधडी कर ना. तू म्हणालास, तेच तर, म्हणून तुझ्या हातची पाहिजे. पण लाल आल्बम माझ्या मांडीवर होता. तो मी माझ्या हौसेनं घेतला होता. तू धाकटा, मी थोरली, आणि थोरलीनं घेतलेली वस्तू तू नाही म्हणून परत केलीस असं आपल्यात कधी झालं नव्हतं. घरी आल्यावर सगळे शिक्के त्याच्यातच भरले.

तो पावसाळा तुला फार जड गेला. पोळा झाला आणि तुला अकोल्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. सुमन तुझ्यासोबत. घर माझ्याकडं. दसरा उलटला, दिवाळी तोंडावर आली, आणि तू येतोस असा निरोप आला. मी घर झाडायला घेतलं. पेटीतून लाल आल्बम काढला, पुसून ठेवावा म्हणून उघडला, आणि बापू, तो तसाच उजेडात नेला. कप्प्यांना आतून घाम सुटल्यासारखं झालं होतं. चिकट, तेलकट. तांब्याच्या शिक्क्यांवर हिरवा फेस आला होता आणि ते प्लास्टिकला धरून बसले होते. आणि तो वास. तू म्हणाला होतास तो, पण दसपट.

आता खरं सांगते. मला तेव्हा शिक्क्यांची काळजी नव्हती. आपण चुकलो हे तुला दिसेल, याची होती.

आपल्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या आधी काय करतात तुला ठाऊक आहे. पितळेची भांडी निघतात, समया निघतात, आणि त्यांच्याबरोबर पूजेतले शिक्केही चिंचेत पडतात. मी लहानपणापासून करत आले. मी चिंच भिजवली, राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि मोरीवर बसले. हिरवं निघत गेलं तसा मला हुरूप आला. शिवराईच्या खाचांतलं मात्र निघेना, म्हणून मी वीट फोडून तिची भुकटी केली आणि त्या भुकटीनं घासलं. जोर लावून. दोन्ही बाजूंनी. उन्हात सुपात मांडले तेव्हा असे झळझळत होते की मी एकटीच हसले. मग लक्ष्मीच्या पाटाभोवती ताटलीत मांडून ठेवले, तू आल्याबरोबर तुला दिसावे म्हणून.

तू आलास. दोघांनी धरून तुला बाजेवर बसवलं. चेहरा पिवळा, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. मी ताटली तुझ्यापुढं धरली. तू बाकीच्यांकडं पाहिलं नाहीस, शिवराई उचललीस. डोळे मिटलेस आणि बोट लावलंस, पोरांना लावायला सांगायचास तसं. बराच वेळ ते बोट फिरत राहिलं.

"अक्का, श्री लागत नाही."

"डोये उघडून पाह्य ना," मी म्हटलं. "कसा चमकून राह्यला."

तू डोळे उघडलेस. उलटून पाहिलंस. "इकडचंबी गेलं."

"घाण होती ती सारी."

"घाण नव्हती व. तेच तं अक्षर धरून होतं."

एवढंच. आवाजही चढवला नाहीस. मग पाणी मागितलंस, आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं म्हणून सुमननं अर्धीच वाटी दिली. तू ती पिऊन आडवा झालास. मी ताटली घेऊन उभी. वाटलं होतं, ओरडशील. ओरडला असतास तर मी रडले असते, आणि रडता रडता जे बोलायचं ते बोलून गेले असते.

दिवाळीनंतर आठेक दिवसांनी तू मला जवळ बसवलंस. सुमनकडून पुठ्ठे आणवले होतेस. खळ लावू नको म्हणालास, खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद टाकतात, त्यानं शिक्के पुन्हा हिरवे होतील. नुसते टाके घाल, गोधडीला घालतेस तसे बारीक. किती बारकाईनं सांगत होतास. दम लागत होता, थांबत होतास, पुन्हा सांगत होतास. आणि मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मला तर आठवतंच.

"आता काय ठेवतं त्याच्यात? अक्षरं तं गेली. पोरं काय कोरे शिक्के पाहतीन?"

मी हे तुझ्यावर रागावून बोलले, बापू. चूक माझी आणि राग तुझ्यावर. शरम आली की मला राग येतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तू भिंतीकडं तोंड केलंस. त्या पुठ्ठ्यांचं पुन्हा नाव काढलं नाहीस. ते बाजेखाली पडून राहिले, आणि मी रोज त्यांच्यावरून झाडू फिरवत राहिले.

त्यानंतर तीन महिने मी रोज तुझ्यासाठी अळणी वरण घेऊन आले. आपण बोललो किती. म्हशीचं बोललो, तुरीचं बोललो, तुझ्या वर्गावर आलेल्या नव्या मास्तरचं बोललो. त्याला तू पोरगेलासा म्हणायचास, त्याच्या आवाजाला पोरं दबत नाहीत म्हणायचास. अळणी वरणावर तू रोज नवीन काहीतरी काढायचास. एकदा म्हणालास, अक्का, हे वरण खाऊन मेलो तर यमाला मी ओळखू येणार नाही, त्याला खारट माणसं न्यायची सवय. सुमन रागावली. मी हसले. दारातून आत पाऊल टाकताना रोज माझ्या ओठांवर यायचं, चुकलं माझं. दोनच शब्द. उंबरा ओलांडला की गिळून टाकायची. वाटायचं, उद्या म्हणू. वाटायचं, थोरल्या बहिणीनं धाकट्याला असं म्हणायचं का. आणि खरं तर वाटायचं, मी असं म्हटलं तर त्याला कळेल की मी त्याला निरोप देते आहे.

त्या दुपारीही वरण घेऊनच निघाले होते. फाटकाशी होते, तर सुमनचा आवाज आला. मी आत गेले तेव्हा तुझा हात बाजेखाली लोंबत होता. वाटी माझ्या हातात तशीच. ती कुठं ठेवावी हे मला कळेना. सगळे जमले, तुला खाली घेतलं, कोणीतरी माझ्या हातातून वाटी काढून घेतली तेव्हा वरण पार गार झालं होतं.

तेरावं झाल्यावर मी बाजेखालून पुठ्ठे काढले. त्यांच्यात तुझी वही निघाली, आणि वहीत चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा, दोऱ्यानं बांधलेला. आल्बममध्ये शिक्क्याखाली लावायला तू एकेक पट्टी कापून लिहून ठेवली होतीस. मी नाही म्हटल्यावरही. अक्षर कापरं आहे, काही ठिकाणी पेन्सिल घसरली आहे. वहीत शिवराईपुढं तुझ्या चांगल्या हातानं जुनं लिहिलेलं आहे, "तांबे. अक्षरे ठळक, बोटास लागतात." आणि नव्या चिठ्ठीवर लिहिलं आहेस, "शिवराई. तांबे. वापराने अक्षरे झिजलेली."

वापरानं.

मी बाकीच्या पाहिल्या. मी घासलेल्या एकूणएक शिक्क्यावर हेच. वापराने झिजलेली, वापराने झिजलेली. हाताला कंप असताना अकरा वेळा लिहिलंस. बापू, पोरानं शेजारच्याच्या पाटीत पाहून उत्तर लिहिलं तर तू पाटी पुसायला लावायचास. उत्तर बरोबर असलं तरी. तू म्हणायचास, वर्गात खोटं चालत नाही. आणि वर्गात लावायच्या चिठ्ठ्यांवर तू खोटं लिहून गेलास. माझ्यासाठी.

मी त्या चिठ्ठ्या घेऊन एक अख्खी दुपार बसले. आधी रडले. मग तुझा राग आला. हे काय केलंस? मला माफ केलंस, की मला माफी मागायची जागाच ठेवली नाहीस? मला तोंडानं सांगायचं होतंस, अक्का, जाऊ दे. मीही काहीतरी बोलले असते. तू भिंतीकडं तोंड करून गुपचूप लिहीत बसलास, आणि मी अळणी वरण घेऊन येत राहिले. दोघंही एकाच बापाची पोरं. बाबाही असेच होते. रागावले की वाफ्यात जाऊन खुरपत बसायचे.

मी पुठ्ठे कापायला घेतले. शिक्का ठेवून पेन्सिलीनं गोल काढायचा आणि रेघेच्या आतून कापायचं, हे तू सांगितलं होतंस. मी पहिली खिडकी रेघेवरून कापली, तर शिक्का आरपार खाली पडला. तू असतास तर हसला असतास. चारमिनारवाला पहिला बसला, मग राजा-राणीचे, मग भोकाचे पैसे. जिलेटिनचा कागद दोन्हीकडून, आणि कडेनं गोधडीचे टाके. खळ लावली नाही. पानं उलटली की पुढचं दिसतं, मागचंही दिसतं. तुझं म्हणणं खरं होतं. अकोल्याच्या त्या दुकानात काहीही नव्हतं याच्यापुढं. हे मी तेव्हा गाडीतच म्हणायला पाहिजे होतं.

चिठ्ठ्या लावायची वेळ आली तेव्हा सुमनला सांगितलं, या मी अशा लावणार नाही. खरं काय ते लिहिणार आहे. तिला ते आवडलं नाही. म्हणाली, "अक्का, राहू द्या ना. त्यायनं मरता मरता तुमच्यासाठी लिव्हलं. मेलेल्या मानसाचं अक्षर खोडू नये." मी म्हटलं, खोडत नाही. तिनं विचारलं, पोरं तुम्हाला नावं ठेवतील ते? मी म्हटलं, ठेवू देत, पोरांच्याच कामाचं आहे. गावातल्या घराघरात लक्ष्मीपूजनाला शिक्के घासतात. उद्या त्यातल्या एखाद्या घरात शिवराई असली, तर पोरगी आजीच्या हातातून चिंच काढून घेईल. सुमन उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून तुझी तांबडी पेन्सिल आणून माझ्यापुढं ठेवली.

तुझी चिठ्ठी तशीच लावली आहे, बापू. शिवराईच्या खाली. तुझं अक्षर आहे, ते कोणी खोडणार नाही. तिच्याखाली मी माझी पट्टी शिवली. बाकीच्या दहा शिक्क्यांखाली माझी लहान चिठ्ठी आहे, हिच्याखाली मोठी:

"वरची ओळ गुरुजींनी लिहिली, ती खरी नाही. ही शिवराई वापरानं झिजली नाही. गुरुजींच्या थोरल्या बहिणीनं ती चिंचेनं आणि विटेच्या भुकटीनं घासली. त्याआधी श्री बोटाला लागत होती. बहिणीचं चुकलं. तिनं ते गुरुजींना सांगितलं नाही."

तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं आहे. चार वेळा वाचून पाहिलं. कुठं खूण करायची ते मला कळत नाही. उद्या सकाळी शाळेत नेऊन देते.